सुकाभाऊचा परवाना

रिटायर झालेल्या माणसाला लोक विचारतात, "आता वेळ कसा जातो?" मी म्हणतो, फायली वाचतो. डोक्यातल्या! कचेरीतल्या फायली निदान उंदीर तरी खातात. डोक्यातल्या फायलींना कोणी हात लावत नाही. एक आठवली की तिच्या मागून दुसरी निघते, आणि जेवायला बसलो की हमखास सुकाभाऊची फाइल निघते. मग बायको म्हणते, "पुन्हा तेच का? आधी वरण घ्या."

मी एका नगरपालिकेत परवाना शाखेत क्लार्क होतो. गावाचं नाव सांगत नाही. पेन्शन अजून चालू आहे! धुळ्याहून एस.टी.नं तासाभरावर, पारोळ्याच्या बाजूला, एवढं पुरे. शाखेत आम्ही तिघं. हेडक्लार्क कोठावदे साहेब, मी देवरे आणि शिपाई दगाजी. चौथा लाल्या. लाल्या म्हणजे कुत्रा. दारात आडवा पडलेला असायचा आणि आमच्या तिघांपेक्षा जास्त वेळ ड्यूटीवर असायचा.

काळ साधारण सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा. गावात तेव्हा पामेरियनची साथ आली होती. डॉक्टरांनी पुण्याहून एक पांढरं पिल्लू आणलं आणि वर्षभरात वकील, जिनिंगवाले, कापडवाले, सगळ्यांच्या ओट्यावर पांढरे गोळे दिसू लागले. आता खान्देशातला मे महिना तुम्हाला माहीत आहे. आपण माणसं ओलं फडकं डोक्यावर टाकून बसतो, तिथं ते बिचारं अंगावर रजई घेऊन जन्माला आलेलं! जीभ बाहेर काढून नुसतं धापा टाकायचं.

सुकाभाऊ हा म्हशी भादरणारा माणूस. उन्हाळ्यात म्हशीचे केस काढले की तिला गार वाटतं, उवा-गोचीड जातात. हातमशीन पिशवीत घालून तो वीस-पंचवीस खेडी पायी फिरायचा. एका म्हशीनं लाथ घातली आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा गेला. चालणं संपलं, म्हणजे धंदा संपला. तेव्हा डॉक्टरांनीच त्याला सुचवलं, "सुका, तू एका जागी बस. कुत्री तुझ्याकडे येतील." घराच्या पुढच्या खोलीत त्यानं दुकान थाटलं. टेबल केलं. पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, 'श्वान केशकर्तनालय', बाजूला कुत्र्याचं चित्र. आता कोणी शहाणा माणूस असता तर त्यानं पाटी लावली असती आणि मशीन चालवायला घेतलं असतं.

सुकाभाऊ सरळ माणूस. तो परवाना मागायला आमच्याकडे आला!

*

आमच्याकडे धंद्यांची एक यादी होती. पिठाची गिरणी, लाकडाची वखार, हाडं साठवणं, केशकर्तनालय, भट्टी, गोठा. कोठावदे साहेबांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "कुत्र्याचे केस कापणे यादीत नाही."

मी नवा होतो. नव्या माणसाला प्रश्न पडतात. मी म्हणालो, "साहेब, यादीत नसेल तर याला परवाना लागतोच कशाला?"

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी टेबलावर चहा सांडला आहे. म्हणाले, "देवरे, परवाना लागत नाही असं यादीत कुठं लिहिलंय?"

मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतं. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो, "सुकाभाऊ, घरी जा आणि पाटी लाव," तर ही फाइल जन्मालाच आली नसती. पण माझी नोकरी पक्की व्हायची होती आणि गोपनीय अहवाल कोठावदे साहेब लिहायचे.

शेवटी जवळात जवळचा फॉर्म म्हणून केशकर्तनालयाचा दिला. सुकाभाऊची चौथी झाली होती, त्यानं स्वतः भरला. फॉर्मात प्रश्न होता, 'गिऱ्हाइकांना बसण्याची सोय आहे काय?' त्यानं लिहिलं, 'आहे, पण बसत नाहीत.' 'दाढी करणाऱ्यास स्वतंत्र वस्तरा वापरला जातो काय?' 'दाढी कोणी करत नाही.' 'गिऱ्हाइकांच्या काही तक्रारी आहेत काय?' 'भुंकतात.'

साहेबांनी फॉर्म तपासून शेरा मारला, 'उत्तरे समाधानकारक नाहीत.' आणि त्याला म्हणाले, "उद्या या."

सुकाभाऊ काठी टेकत उठला. "बरं साहेब, सकाय येसू."

अहिराणीत सकाय म्हणजे उद्या. हे वाक्य मी पुढं किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही.

*

मग पाहणी. स्वच्छता निरीक्षक बोरसे आमच्या कचेरीतला सगळ्यात कडक माणूस. सायकलला आरसा नसेल तरी थांबवायचा, तो त्याचा विषय नसताना! मी सोबत गेलो. दुकान लख्ख होतं. सुकाभाऊनं जमीन सारवून टेबलावर मेणकापड टाकलं होतं. फिनेलचा वास येत होता. पाटी तेवढी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. म्हणाला, "परवाना भेटना का फिरावसू."

बोरसे चारी बाजूंनी फिरले आणि एकदम थांबले. "आरसा कुठाय?"

सुकाभाऊ गोंधळला. "साहेब, कुत्राले आरसा कसाले?"

"नियमात आहे. केशकर्तनालयात दोन बाय दीड फुटाचा आरसा, जमिनीपासून चार फूट उंचीवर."

"पन कुत्रा चार फूट उंच नही ऱ्हास!"

बोरसे शांतपणे म्हणाले, "नियम आरसा लावायचा आहे. बघायचा नाही."

सुकाभाऊनं आरसा आणला आणि चार फुटांवर लावला. दुसऱ्या पाहणीला खात्री करायला डॉक्टरांचा पामेरियन आणून टेबलावर उभा केला. टेबल तीन फुटाचं, त्यावर कुत्रा. बरोबर आरशासमोर! त्याला आत दुसरा कुत्रा दिसला. मग जे भुंकणं सुरू झालं ते थांबेना. पाऊण तास! शेजारपाजारचे सगळे कुत्रे सामील झाले. बोरसेंनी कानात बोटं घालून अहवाल लिहिला. 'आरसा आहे. ध्वनिप्रदूषण होते.'

"मग आरसा काढायचा का?" मी विचारलं.

"काढला तर नियमभंग होईल. ठेवला तर उपद्रव होईल. दोन्ही मुद्दे नमूद केलेत," बोरसे म्हणाले आणि सायकलवर बसले.

*

कोठावदे साहेबांच्या मते आता पशुसंवर्धनवाल्यांचं ना-हरकत पाहिजे होतं. गावच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "केस वाढणं हा रोग नाही आणि कापणं हा उपचार नाही. धुळ्याला जा." मला धुळ्याला टपाल घेऊन जायचंच होतं, म्हणून मी सुकाभाऊला सोबत घेतलं. त्या गुडघ्यानं त्याला एस.टी.च्या पायऱ्या चढवणं म्हणजे कपाट माडीवर न्यायचं काम! मागून मी ढकलत होतो, पुढून कंडक्टर ओढत होता, आणि सुकाभाऊ दोघांची माफी मागत होता.

तिथल्या कचेरीत तीन टेबलं. पहिल्यावर गाई-म्हशी, दुसऱ्यावर शेळ्या-मेंढ्या, तिसऱ्यावर कोंबड्या. कुत्र्याचं टेबल नव्हतं.

पहिल्या टेबलानं विचारलं, "दूध देतो का?" आम्ही नाही म्हणालो. "मग पुढं जा."

तिसऱ्या टेबलानं विचारलं, "अंडी?" मी नुसती मान हलवली. माझा आवाज चढायला लागला होता.

मधल्या टेबलावरचा माणूस मात्र भला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, सुकाभाऊला खुर्ची दिली. मग हळूच म्हणाला, "हे बघा, केस कापायचा विषय माझ्याकडे आहे, पण तो लोकरीचा. तुम्ही अर्जात कुत्र्याच्या जागी मेंढी लिहा. मेंढीचा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आत्ता मारून देतो."

मला वाटलं, सुटलो एकदाचे! मी खिशातून पेन काढलं.

सुकाभाऊ खुर्चीतून उठून उभा राहिला. "नही साहेब. मी खोटं लिखाव नही. डॉक्टरसाहेबना कुत्राले मी मेंढी कसा म्हनू? त्यासले काय वाटी?"

येताना एस.टी.त मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. इतका संताप आला होता! कचेरीचा संताप होताच, पण त्याचाही आला होता. हातात आलेला शिक्का सोडून आला हा माणूस! सोनगीरकडून येणारा गरम वारा खिडकीतून तोंडावर येत होता आणि हा शेजारी पिशवीतलं मशीन मांडीवर धरून बसलेला. मग घराजवळ आल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा तो एकटाच होता आणि मी त्याच्यावरच चिडत होतो.

त्या कचेरीनं नंतर पत्र पाठवलं, 'सदर प्राण्याशी या कार्यालयाचा संबंध येत नाही.'

कोठावदे साहेबांनी ते दोनदा वाचलं. "संबंध येत नाही म्हणतात. हरकत नाही असं कुठं लिहिलंय?"

सुकाभाऊ दारात उभा होता. त्यानं विचारायच्या आधीच साहेब म्हणाले, "उद्या या."

"बरं, सकाय येसू."

*

हरकती मागवल्या. एकच हरकत आली, पण ती गंगूअक्काची होती. गंगूअक्का म्हणजे सुकाभाऊची शेजारीण. उन्हाळ्यात तिच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे तळून खायचे पापड, वाळत पडलेले असायचे. तिचे बिबडे जळगावपर्यंत नातेवाइकांत जायचे. तिचं म्हणणं, कुत्र्याचे केस उडून तिच्या बिबड्यांवर पडणार.

सुनावणी मुख्याधिकाऱ्यांसमोर. अक्का डोक्यावर पदर घेऊन, हातात डबा घेऊन आली. आल्या आल्या डबा टेबलावर आपटला.

"देखा साहेब! हाऊ केस देखा! बठ्ठा बिबडास्मा असाच केस शेत!"

सुकाभाऊ म्हणाला, "अक्का, दुकान सुरू व्हयनं नही अजून. मन्हा कुत्राना केस कथाईन येई?"

"आते येत नही, पन पुढे येतीन ना!"

मुख्याधिकारी नवे होते, कोकणातले. त्यांनी बिबडा हातात घेतला, उजेडाकडे धरला. केस होता खरा. काळा, लांब आणि तेल लावलेला. सगळ्यांनी एकदा अक्काच्या अंबाड्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

मुख्याधिकारी म्हणाले, "पुरावा म्हणून फाइलला जोडा. निर्णय सोमवारी."

मी दोन बिबडे कागदात गुंडाळून फाइलला टाचले. 'निशाणी एक, बिबडे, नग दोन.'

सोमवारी फाइल उघडली तर नुसता कागद. टाचणी होती, बिबडे नव्हते! चौकशी झाली. दगाजी मान खाली घालून म्हणाला, "शनवारी मोठा साहेब उशिरापर्यंत बसले. चहाबरोबर काही शे का म्हने. मी निशाणी तळी दिन्ही."

मुख्याधिकारी लाल झाले, खोकले आणि म्हणाले, "चांगले होते." मग स्वतःच्या अक्षरात निकाल लिहिला. 'पुरावा उपलब्ध नसल्याने हरकत फेटाळण्यात येते.'

आम्हाला वाटलं, आता झालं. अक्कानंही विषय सोडला, कारण मोठ्या साहेबांना बिबडे आवडले हे तिच्या कानावर गेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तिनं कचेरीत डबाभर पाठवले, सुकाभाऊच्याच हातून!

*

पण कोठावदे साहेबांचा अजून एक मुद्दा बाकी होता. अर्जदाराला काम येतं याची खात्री कोणी केली? तेव्हा प्रात्यक्षिक घ्यायचं ठरलं, कचेरीच्या आवारात, समितीसमोर. आता प्रात्यक्षिकाला कुत्रा पाहिजे. नियमाप्रमाणे कचेरीच्या आवारात फक्त बिल्लेवाला कुत्रा येऊ शकतो, बिनबिल्ल्याचा दिसला तर पकडायचा. पूर्वी पालिका पितळेचे बिल्ले द्यायची. ते संपून बरीच वर्षं झाली होती आणि नवे मागवायची फाइल कोठावदे साहेबांच्याच कपाटात होती. म्हणजे डॉक्टर, वकील, जिनिंगवाले, गावातले सगळे पामेरियन बेकायदेशीर!

साऱ्या गावात बिल्ला असलेला कुत्रा एकच होता, आमचा लाल्या. कुत्री पकडणारी गाडी त्याला नेऊ नये म्हणून दगाजीनं शेवटचा उरलेला बिल्ला सुतळीनं त्याच्या गळ्यात बांधला होता.

लाल्या गावठी. त्याच्या अंगावर केस म्हणजे पापडावर तेल लावावं एवढे!

मुख्याधिकारी, बोरसे, कोठावदे साहेब खुर्च्या टाकून बसले. सुकाभाऊनं लाल्याला टेबलावर घेतलं. खरं सांगतो, त्या माणसाचे हात बघण्यासारखे होते. त्यानं आधी लाल्याला आपला हात हुंगू दिला. मग कानामागून बोट फिरवत एकेक गोचीड काढली. नखं कापली, पायाला टोचणारं एक कुसळ काढलं. तो कुत्रा कायम तोच पाय चाटायचा आणि आम्हाला वाटायचं ती त्याची सवय आहे! शेवटी नियमापुरतं मशीन चालवलं. लाल्या टेबलावर झोपून गेला, घोरायलाही लागला. मुख्याधिकाऱ्यांनी टाळी वाजवली.

बोरसेंनी मात्र जवळ जाऊन लाल्याचं निरीक्षण केलं, मोजपट्टी लावली. "कापण्यापूर्वी केस किती होते याची नोंद नाही. त्यामुळे केस कापले की नाही, हे सांगता येत नाही."

"मग?" मी जवळजवळ ओरडलोच.

"केस वाढू द्या, पुन्हा घेऊ," कोठावदे साहेब म्हणाले.

सहा महिने, मित्रांनो! सहा महिने दर सोमवारी मी फाइलवर लिहायचो, 'लाल्याचे केस पाहिले. वाढ नाही.' एम.कॉम. झालेला माणूस होतो मी. घरी विचारायचे, आज कचेरीत काय केलं? काय सांगू?

शेवटी मीच कंटाळून कोठावदे साहेबांना म्हणालो, "साहेब, वरून मार्गदर्शन मागवू या." साहेब खूष झाले. मार्गदर्शन मागवलं की आपल्यावर काही राहत नाही आणि फाइल निवांत झोपते. मी पत्र टाइप केलं आणि पाठवलं.

*

इकडे सुकाभाऊ रोज येतच होता. दहाच्या ठोक्याला. आवारात कडुनिंबाखाली दगडी बाक होतं, त्यावर बसायचा, पिशवी मांडीवर. साडेपाचला कोणीतरी सांगायचं, उद्या या. हा म्हणायचा, सकाय येसू.

मी एकदा म्हणालो, "सुकाभाऊ, रोज कशाला? पत्र आलं की दगाजीला पाठवतो ना घरी."

तो म्हणाला, "घर बसीसन काय करू भाऊसाहेब? दुकानमा टेबल देखी देखी जीव उडस. आठे सावली शे. चार मानसं बोलतस."

काही दिवसांनी डॉक्टर पामेरियन घेऊन त्याच्या घरी गेले. घर बंद. अक्कानं सांगितलं, "तो कचेरीत भेटेल." डॉक्टर कुत्रा घेऊन कचेरीत आले. सुकाभाऊ घाबरला, म्हणाला, परवाना नाही. डॉक्टर म्हणाले, "अरे, तू दुकान कुठं चालवतोयस? तू तर बाकावर बसलायस. माझा कुत्राही बसेल." बाकावर कुत्रा बसला आणि मशीन सुरू झालं! बिल्ल्याची आठवण कोणालाच राहिली नाही.

मग वकील आले. जिनिंगवाल्यांचा ड्रायव्हर दोन कुत्री घेऊन आला. खेड्यातून बाजाराला येणारे शेतकरी बैलाची शिंगं तासायलाही त्याच्याकडेच थांबू लागले. मुख्याधिकाऱ्यांच्या सौभाग्यवतींनी तर पामेरियन घेतला तोच सुकाभाऊच्या भरवशावर. लाल्यानं दारातली जागा सोडून बाकाखाली मुक्काम हलवला. दगाजी सगळ्यांना पाणी द्यायचा आणि नंबर लावायचा.

हे बोरसेंच्या लक्षात आलं. परवान्याचा अर्ज प्रलंबित असताना पालिकेच्याच आवारात विनापरवाना धंदा! त्यांनी नोटीस काढली. तीन प्रतींत, शिक्क्यासकट. दुपारी ते ती बजावायला निघाले. आम्ही सगळे खिडकीला!

बोरसे तावातावानं कडुनिंबाखाली गेले. उजव्या हातात नोटीस, आणि डाव्या काखेत त्यांचा स्वतःचा पामेरियन!

सुकाभाऊनं नोटीस बघितली, कुत्रा बघितला. "साहेब, पयले काय घेऊ?"

बोरसेंनी नोटीस घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आधी कुत्रा घ्या. नोटीस बजावली की काम थांबवावं लागेल, आणि याला फार उकडतंय."

नोटीस त्या दिवशी बजावायची राहिली. पुढच्या महिन्यात बोरसे परत आले, परत तेच. नोटिशीच्या घड्या फाटल्या, पण कुत्र्याचे केस वाढायचे थांबले नाहीत.

*

मार्गदर्शन आलं तेव्हा दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे उलटून गेले होते. मे महिना, दुपारचे तीन. जाड तपकिरी लिफाफा. कोठावदे साहेबांनी तो फोडला, वाचला आणि खुर्चीत मागं टेकले. लिफाफा माझ्याकडे सरकवला.

एकच ओळ होती. 'सदर धंदा यादीत समाविष्ट नसल्याने त्यास परवान्याची आवश्यकता नाही.'

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चला. आता लिहून आलं."

मला साहेबांचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. माझा मलाच आला. हे वाक्य पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून निघालं होतं आणि मी ते गिळलं होतं. दुखऱ्या पायाचा एक माणूस अडीच वर्षं रोज इथपर्यंत आला होता, आणि पाटी अजून भिंतीकडे तोंड करून उभी होती. कारण मला माझा गोपनीय अहवाल चांगला पाहिजे होता!

पत्र घेऊन मी खाली गेलो. कडुनिंबाखाली मुख्याधिकाऱ्यांच्या घरचा पामेरियन बाकावर पडला होता, अर्धा भादरलेला, अर्धा बाकी. बाजूला एक बैल आणि त्याचा मालक नंबर लावून उभे. लाल्या खाली घोरत होता. दगाजीनं नुकतंच पाणी शिंपडलं होतं.

मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. सुकाभाऊनं मशीन थांबवलं.

"म्हंजे परवाना भेटना?"

"नाही सुकाभाऊ. म्हणजे परवाना लागतच नाही."

"आतेपाईन नही लागस?"

"पहिल्यापासूनच लागत नव्हता."

मला वाटलं, आता हा मला शिव्या देईल. मी तयार होतो, नव्हे, मला त्या पाहिजे होत्या. त्यानं मशीनमधले केस फुंकून काढले, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. एकदा बाकाकडे पाहिलं, मग वर कडुनिंबाकडे, मग पाण्याची बादली घेऊन उभ्या असलेल्या दगाजीकडे.

मी म्हणालो, "जा सुकाभाऊ. पाटी फिरवा. आता तुम्हाला कोणी अडवणार नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आवाज इतका बारीक, की मला वाकून ऐकावं लागलं.

"मंग भाऊसाहेब, सकाय मी येऊ नको का?"